आजारपणाचे पैसे

बसच्या ड्रायव्हरने अचानक ब्रेक मारला आणि तिचा उजवा पाय खाली गेला. धक्क्याने नव्हे. धक्का नंतर आला. आधी पाय गेला, ठाम, टाच टेकवून. त्याच्या मागोमाग डावाही गेला, क्लच दाबावा तसा, आणि मांडीवरच्या पर्सखालचा हात नसलेल्या गिअरकडे सरकला. पुढच्या बाईने सीटखाली ठेवलेली पिशवी तिच्या चवड्याखाली चेपली आणि आत काहीतरी पिचल्याचा ओला आवाज आला. बाई वळली. तिने बाईची माफी मागितली, पिशवी उचलून दिली, फुटलेल्या टोमॅटोंबद्दल हळहळही व्यक्त केली, आणि हे सगळं करताना तिला आतून हसू फुटत होतं. काचेपलीकडे एक सायकलवाला बसकडे बघून हातवारे करत रस्ता ओलांडून गेला. ड्रायव्हरला तो उशिरा दिसला. तिला मात्र केव्हाच दिसला होता. तो फुटपाथ सोडणार हे त्याच्या खांद्यांवरून तिला समजलं होतं, आणि आपल्याला ते समजलं होतं हे तिला आत्ता, ब्रेक मारून झाल्यावर, कळत होतं.

घरात तिला धाकटी म्हणत. आई म्हणायची, बाबा म्हणायचे, आता म्हणायला थोरली बहीण आणि भावोजी उरले होते. चाळिशी उलटली तरी ती धाकटीच होती. आणि या वयात शरीर आपल्याला न विचारता काहीतरी शिकून बसतं, याचं तिला नवल वाटत होतं. गेली काही वर्षं शरीर तिच्याशी बोलायचं ते फक्त तक्रारी करायला. आज मान आखडली, आज पोटऱ्या भरून आल्या. आज पहिल्यांदाच ते काही मागत नव्हतं, दाखवत होतं. तसा तिचा उजवा पाय पहिल्यापासून हुशार. वीसेक वर्षं तो शिवणयंत्राच्या पायडलवर होता. सरळ टीप आली की सोडायचा, गळ्याच्या वळणावर आवरायचा, खिशाच्या कोपऱ्यावर थांबायचा. त्यामुळे ती ट्रक शिकायला गेली तेव्हा ॲक्सिलरेटरवर पहिल्याच दिवशी तो असा बसला की शिकवणारे मास्तर काही न बोलता शेंगदाणे चघळत राहिले. बोलले ते गिअरवर. गिअर कुरकुरला की तिच्या तोंडून ‘सॉरी’ निघायचं. दोन-तीन दिवस त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, बाई, तुम्ही कुणाला सॉरी म्हणता, मला की गाडीला? मला म्हणत असाल तर मी पगार घेतो, आणि गाडीला म्हणत असाल तर तिला ऐकू येत नाही. तेव्हापासून तिने सॉरी सोडलं. सोडायला गिअरपेक्षा जास्त दिवस लागले.

शिकायचं मैदान शहराच्या टोकाला होतं. पत्र्याचं कुंपण, एका बाजूला मातीचा चढ रचलेला, आणि रिकाम्या ड्रमांच्या दोन रांगा, ज्यांच्यामधून ट्रक मागे घ्यायचा. ड्रमांना इतके पोचे होते की कुठला पोचा कुणाचा हे जुने शिकाऊ नव्यांना कौतुकाने दाखवत. तिचाही एक होता. त्याचे पैसे वेगळे भरावे लागले. इथे सगळ्याचेच पैसे वेगळे होते. वर्गाचे वेगळे, गाडीचे वेगळे, डिझेलचे वेगळे, डोळे तपासून घ्यायचे, कान तपासून घ्यायचे, परीक्षेचे, आणि परीक्षा हुकली तर पुन्हा परीक्षेचे. छोट्या गाडीचं लायसन तिच्याकडे आधीच होतं, म्हणून तेवढं वाचलं. दोघी बहिणींच्या शिवणाच्या दुकानासाठी एक जुनी व्हॅन घ्यावी अशी टूम भावोजींनी मागे काढली होती, तेव्हाचं ते. व्हॅन आली नाही, लायसन राहिलं. मास्तरांना तिने सुरुवातीलाच विचारलं होतं की इतकं महाग का. ते म्हणाले, शिकवायचं फार काही नसतं बाई, तुम्ही काय काय मोडाल त्याचे आधीच घेऊन ठेवतो. तिला ते पटलं होतं. मोडायला ती तयार होती.

पहिली मोडली ती बँकेतली ठेव. बाबा गेले तेव्हा त्यांनी मागे ठेवलेलं दोघींत सारखं वाटलं गेलं. थोरलीचा वाटा दुकानात गेला, दोन शिवणयंत्रं, कापायचं टेबल आणि उभा आरसा घेण्यात. धाकटीचा वाटा बँकेत राहिला आणि त्याला नाव पडलं: लग्नाचे पैसे. कुणी काही मागितलं, कुठे काही अडलं, तरी थोरली ते काढू द्यायची नाही. ‘ते लग्नाचे आहेत’ म्हणायची, जणू लग्न आत खोलीत बसलंय आणि बाहेर येऊन पैसे मागणार आहे. स्थळं आली, बघून गेली. एकाला धाकटीनेच नको म्हटलं, एकाला थोरलीने, बाकीच्यांना म्हणायची वेळ आली नाही. मग एके दिवशी, कशावरून तरी, भावोजींच्या तोंडून ‘तुझे ते आजारपणाचे पैसे’ असं निघून गेलं. तिघं जेवत होते. कुणी ते दुरुस्त केलं नाही. थोरलीने वाढायला वाकून मान खाली घातली, भावोजी घास गिळून पाणी प्यायले, आणि त्या दिवसापासून पैशांचं नाव बदललं. पैसे लग्नातून निघाले ते थेट आजारपणात जाऊन थांबले. मध्ये उतरण्यासारखं काही नव्हतंच का, असं त्या वेळी तिला वाटलं होतं, पण विचारणार कुणाला. बँकेतल्या काउंटरवरच्या तरुणीने मुदतीआधी ठेव मोडताय म्हणून काळजीने चौकशी केली होती. घरात कुणी आजारी आहे का? ‘नाही,’ धाकटी म्हणाली होती, ‘तब्येत एकदम उत्तम आहे.’ ते वाक्य तिला इतकं आवडलं की रस्त्यात दोनदा पुन्हा म्हणून पाहिलं.

ट्रकचं खूळ मात्र बँकेच्या आधीचं. कापडाचे तागे घेऊन गल्लीत एक ट्रक यायचा. एकदा ड्रायव्हरच्या पायाला बँडेज होतं, म्हणून पावतीवर सही करायला तीच पायरीवर पाय ठेवून वर चढली, आणि सही झाल्यावर ड्रायव्हर म्हणाला, बसा की क्षणभर, एवढ्या चढलात तर. ती बसली. काच भली मोठी होती. त्या काचेतून तिला आपलं दुकान वरून दिसलं. पाटीच्या वरच्या कडेवर बोटभर धूळ, पत्र्यावर कुणाची तरी फाटकी चप्पल, आणि दाराच्या काचेआड मशीनवर वाकलेली थोरली, तिचा विरळ झालेला भांग. समोर आपली रिकामी खुर्ची. दुकान लहान आहे हे तिला माहीत होतं. पण ते किती लहान आहे हे जिथून दिसतं अशी एक जागा जगात आहे आणि तिथे माणसं रोज बसून काम करतात, हे माहीत नव्हतं. ती खाली उतरली, तागे मोजून घेतले, कामाला लागली. त्या दिवशी तिने एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

थोरलीला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं ती स्वतःला सांगायची. खरं तर ते रोज सकाळी नव्याने टाळावं लागायचं. खांदा दुखतो, व्यायामाचे उपचार घ्यायला जाते, असं तिने सांगितलं होतं, आणि थोरली रोज विचारायची, आज काय करून घेतलं? मग शेकण्याची, दोऱ्या ओढण्याची, एका कडक स्वभावाच्या बाईची वर्णनं करावी लागायची. ती बाई हळूहळू इतकी खरी झाली की थोरलीने तिच्यासाठी एकदा लोणच्याची बरणी पाठवली. लोणचं मास्तरांनी खाल्लं. न सांगण्याचं कारण भीती नव्हतं, निदान स्वतःसाठी भीती नव्हती. थोरलीच्या डोळ्यांमुळे ते जमत नव्हतं. गेली काही वर्षं तिला सुई ओवता येत नसे. ती काही बोलायची नाही, फक्त सुई आणि दोरा टेबलावरून पुढे सरकवायची, आणि धाकटी ओवून परत सरकवायची. दिवसातून कितीतरी वेळा. मान वरही न करता. मी गेले तर हिची सुई कोण ओवणार, हा प्रश्न मैदानावर ट्रक मागे घेतानाही तिच्या मागून चालत असे, आणि पोचा पडला त्या दिवशी तोच आडवा आला होता.

पण आज पायाने चहाडी केली होती. आज बसमध्ये केली, उद्या दुकानात करेल. बस तिच्या थांब्याच्या आधीच्या सिग्नलला उभी होती आणि तिला स्वच्छ दिसलं की आपण आता ड्रायव्हर होऊ पाहणारी बाई राहिलेलो नाही. झालेलो आहोत, परीक्षा तेवढी बाकी आहे. झालेली गोष्ट लपवणं वेगळं आणि होऊ घातलेली लपवणं वेगळं. होऊ घातलेली लपवली तर सावधपणा. झालेली लपवली तर खोटेपणा. ती थांब्यावर उतरली ती ताठ, आणि सरळ दुकानात गेली.

थोरली पुतळ्यावर चढवलेल्या फ्रॉकची खालची दुमड टाचत होती. ओठांत टाचण्या धरलेल्या.

‘ताई, माझा खांदा दुखत नाही.’

थोरलीने मान न वळवता हुंकार दिला. गुण आला, असा त्याचा अर्थ.

‘कधीच दुखत नव्हता. मी ट्रक शिकते. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे.’

थोरलीने हात थांबवला. मग ओठांतून एकेक टाचणी काढून तिने मनगटावरच्या उशीत खोचली, घाई न करता, सगळ्या संपेपर्यंत. ‘केवढा ट्रक?’ तिने विचारलं. जणू लहान असता तर तिने समजून घेतलं असतं. धाकटीने सांगितलं, सहा चाकी. मग बाकीचंही सांगितलं. मैदान, मास्तर, लोणचं कुणी खाल्लं ते. पैसे कुठले, हे थोरलीने विचारलं तेव्हा तिने तेही सांगितलं.

‘आणि आजारी पडलीस तर?’

‘तर गाडी बाजूला घेईन.’

थोरली हसली नाही. स्टुलावर बसली. एवढं होईपर्यंत धाकटीला सगळं सोपं वाटत होतं, ओरडा खायची तिची तयारी होती, आणि ती मनापासून म्हणाली की मला फक्त तुझ्या सुईची काळजी होती, म्हणून इतके दिवस बोलले नाही. त्यावर थोरलीने टेबलाचा खण ओढला. आत रिळांच्या मागे सुई ओवायच्या पातळ तारेच्या चकत्या होत्या, दोन, आणि एक चष्मा, जाड भिंगांचा, ज्याची डबी धाकटीने कधी पाहिली नव्हती.

‘मला ओवता येते सुई,’ थोरली म्हणाली.

‘मग माझ्याकडे का सरकवायचीस?’

‘तुला बरं वाटायचं.’

दुकानात पंखा फिरत होता आणि पुतळ्यावरचा फ्रॉक अर्ध्या दुमडीने एका बाजूला लोंबत होता. मग थोरली बोलत राहिली, पुष्कळ, पण आवाज न चढवता. तिचा मुलगा दुसऱ्या गावी घर करून राहिला त्याला काळ लोटला होता. त्याने आईवडिलांसाठी खालची खोली बांधली होती. नात चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली. भावोजी दरवर्षी विचारायचे, आता निघू या का? आणि थोरली दरवर्षी म्हणायची की धाकटी एकटी काय करेल, दुकानाशिवाय तिला आहे काय. भावोजी पुन्हा पेपर उघडायचे. ती मशीन पुसून पुन्हा तेल घालायची. दुकान ती स्वतःसाठी चालवतच नव्हती. ‘एकदा बोलली असतीस,’ ती शेवटी म्हणाली, ‘तर मी केव्हाच गेले असते.’

त्या दिवशी उरलेला वेळ दोघींनी काम केलं, कारण कामं द्यायची होती. धाकटीच्या मशीनवरून टीप सरळ जात होती. मनात मात्र तिचा हिशेब आताच उलटा लागत होता. प्रशिक्षणाला काय लागलं असं कुणी विचारलं असतं, तर सकाळपर्यंत तिने ठेव सांगितली असती, पहाटेची झोप सांगितली असती, क्लचने धरलेला गुडघा सांगितला असता. आता त्यात वर्षं धरायची होती, आणि ती नुसती तिची नव्हती. दोघी समोरासमोर बसून एकमेकींना धरून होत्या, आपण दुसरीसाठी बसलोय अशा समजुतीने, आणि दोघींनाही उठून जायचं होतं. तिला रागही आला. रोज पुढे सरकलेली ती सुई! कुणीतरी आपल्याला मायेने इतकी वर्षं फसवावं आणि आपल्याला आपण आधार आहोत असं वाटत राहावं. पण राग फार टिकेना. खांदा दुखतो असं सांगून तिनेही त्याच मायेने थोरलीचं लोणचं मास्तरांना खाऊ घातलं होतं. आणि रागाच्या खाली, टीप थांबली की, आणखी एक गोष्ट हाताला लागत होती, गार आणि गुळगुळीत. ट्रक नाही जमला तर दुकान आहेच, या भरवशावर ती मैदानात उभी होती. हे तिने कधी स्वतःशी कबूल केलं नव्हतं. आता दुकान राहणार नव्हतं.

परीक्षेत ती चढावर नापास झाली. अर्ध्या चढावर ट्रक उभा करायचा आणि मागे न घसरता पुढे न्यायचा. हे तिने इतक्यांदा केलं होतं की मास्तर तेव्हा तिच्याकडे बघतही नसत. त्या दिवशी पाय क्लच सोडेना. उजव्या पायाला सगळं येत होतं, डावा सोडत नव्हता. गाडी हातभर मागे आली, परीक्षकाने पेनने रेघ मारली आणि उतरा म्हणाला. मास्तर कुंपणाला टेकून उभे होते. ते रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. आज तुम्ही गाडीत एकट्या नव्हता, एवढंच म्हणाले, आणि पुन्हा पैसे भरायची खिडकी कुठली ते दाखवलं. तिने भरले. ठेवीतले शेवटचे होते ते. भरताना तिच्या लक्षात आलं की आता हे पैसे लग्नाचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, बाबांचेही नाहीत. यानंतर येतील ते फक्त पैसे असतील, त्यांना नाव नसेल. तिला एकदम हलकं वाटलं. दुसऱ्या खेपेला चढावर ती एकटी होती. क्लच सुटला, इंजिनाने आवाज बदलला, ट्रक जागच्या जागी किंचित थरथरला आणि मग चढ चढून गेला, जसा नेहमी जात असे. परीक्षक नवा होता. त्याने तिला विचारलं, आधी काय करत होता? शिवत होते, ती म्हणाली. त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्याने सही केली.

घरसामान वाहणाऱ्या एका कंपनीने तिला घेतलं. आधी काही महिने एका जुन्या ड्रायव्हरच्या जोडीला, मग बघू, या बोलीवर. तोवर थोरलीने दुकान आवरायला काढलं होतं. गिऱ्हाइकं येऊन हळहळत होती, आणि थोरली प्रत्येकीला सांगत होती की बहीण ट्रक चालवते, मग मी का बसू इथे. ते कौतुक होतं की तक्रार, गिऱ्हाइकांना कळत नसे. धाकटीलाही नक्की कळत नव्हतं, आणि आता प्रत्येक गोष्ट कळलीच पाहिजे असंही तिला वाटत नव्हतं. तिचं मशीन शेजारच्या गल्लीतल्या शिंप्याने नेलं. थोरलीचं तिच्याबरोबर मुलाच्या गावी जाणार होतं. धाकटीने एकदाच विचारलं, अगदी सहज आवाजात, की सामान मी घेऊन येते, कंपनीची गाडी मागते. थोरलीने कापडाच्या चिंध्या पिशवीत कोंबता कोंबता सांगितलं की तिने दुसरा ट्रक ठरवलाय.

‘माझं मशीन आहे ते,’ ती म्हणाली. ‘तू नवी आहेस. आधी लोकांचे सोफे पोचव.’

लागलं. नाही असं नाही. पण घरी जाऊन गादीवर पडल्यावर तिला त्या ‘आधी’चं हसू आलं, आणि नंतर लक्षात आलं की इतक्या वर्षांत थोरली तिच्याशी पहिल्यांदाच असं बोलली होती, सांभाळून न घेता, दुसऱ्या कारागिराशी बोलावं तसं. तिला शांत झोप लागली.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रक आला तो गल्लीत थेट आतपर्यंत. सामान चढलं: कापायचं टेबल, उभा आरसा रजईत गुंडाळून, पुतळा, आणि सगळ्यात शेवटी मशीन, ते थोरलीने स्वतः दोरीने बांधून घेतलं आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. भावोजी आदल्या दिवशीच पुढे गेले होते. थोरली पुढच्या सीटवर चढली, पायरीवर पाय ठेवताना धाकटीने तिला कोपराला धरलं, आणि निरोपाचं जे काही बोलायचं ते दोघींनी जेवणाचं, किल्लीचं, पोचल्यावर फोन करण्याचं बोलून उरकलं. ट्रक वळायला गल्लीत जागा नव्हती. मागेच घ्यावा लागणार होता, तोंडापर्यंत, आणि एका बाजूला मोटारींची रांग होती, दुसऱ्या बाजूला खाली आलेली गॅलरी. हमाल मागच्या सामानाशी आत कोंडला होता. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून इकडे तिकडे बघत होता, कुणी आहे का म्हणून.

धाकटी ट्रकच्या मागे गेली. उजव्या अंगाला, चार पावलं दूर, जिथे उभं राहिलं की ड्रायव्हरच्या आरशात आपण पूर्ण दिसतो, पायांपासून हातांपर्यंत. तिलाही आरशात त्याचा चेहरा दिसत होता. तो साशंक होता. बाई बाजूला व्हा, असं म्हणायच्या बेतात असल्यासारखा. तेवढ्यात दुसऱ्या खिडकीतून थोरलीचा आवाज आला, दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा, ठणठणीत.

‘ती सांगते तसं घ्या. तिला कळतं त्यातलं.’

आरशातला चेहरा हलला. रिव्हर्सचा गिअर पडला. धाकटीने हात वर केला आणि बोटांनी त्याला आपल्याकडे ओढायला सुरुवात केली, सावकाश, मोटारींच्या बाजूला वीतभर, आता सरळ, सरळ, आता गॅलरीपासून जरा आत. ट्रक तिच्याकडे येत होता आणि ती मागे मागे चालत होती, त्याच्यावरची नजर न काढता. आत काय बांधलंय ते तिला माहीत होतं आणि तरीही ती फक्त चाकं बघत होती. गल्लीच्या तोंडाशी तिने वळून मोठ्या रस्त्याची रहदारी पाहिली, एक बस जाऊ दिली, एक स्कूटर जाऊ दिली, मग तळहात उभा केला. ट्रक थांबला. तिने पुन्हा एकदा दोन्हीकडे पाहिलं, हाताने रस्ता मोकळा असल्याची खूण केली, आणि वाटेतून बाजूला झाली.